कोंबडीचं ताट

मैत्रिणींनो, "कोंबडीचं काय, पडलंसडलं खाते नि अंडं देते," असं आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणायचे. 2021 च्या पावसाळ्याने माझं हे बोलणं कायमचं बंद केलं.

आमच्या बचत गटातल्या दहा जणींनी कर्ज काढून शंभर गिरिराज तलंगा घेतल्या होत्या. खाद्य घरीच मिसळायचो. मक्याचा भरडा, तांदळाचा कोंडा, शिंपल्यांचा चुरा आणि घाटावरून येणारी सोयापेंड. रोज 40-45 अंडी निघत. हप्ता फिटत होता, हातात चार पैसेही उरत होते.

त्या वर्षी सोयाबीन भडकलं. वर्षभरापूर्वी चाळिशीत मिळणारी सोयापेंड किलोला 80-90 रुपयांच्या घरात गेली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली, म्हणजे बघा! हिशेबाची वही माझ्याकडे. मी ऐटीत सांगितलं, "पेंड बंद करू या, मका वाढवू या. पोट भरल्याशी कारण!"

पोट भरलं, पण अंडी आटली. तीन आठवड्यांत आकडा 15 वर आला. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. कोणी म्हणालं रोग आला, कोणी म्हणालं दृष्ट लागली. गटातल्या सर्वांत थोरल्या काकींनी मात्र मला सरळ विचारलं, "अगो बाय, तुझ्या पोराला रोज नुसताच भात घातला असतास काय?"

मी खाली मान घातली आणि पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. मका म्हणजे कोंबडीचा भात. ताकद देतो, पण त्यात प्रथिनं शेकडा 9 च्या आसपासच. अंड्यावरच्या कोंबडीला लागतात 16 ते 18. सोयापेंडीत ती 45 च्या आसपास असतात, म्हणून तिचा एवढा मान. बरं, प्रथिनं मोजूनही भागत नाही. त्यातले लायसिन आणि मिथिओनिन हे दोन घटक कमी पडले की अंडी कमी होतात. शेंगदाणा पेंडीत प्रथिनं भरपूर, पण हे दोन्ही कमी. सूर्यफूल पेंडीत मिथिओनिन चांगलं, लायसिन कमी. सुक्या मासळीत दोन्ही आहेत. म्हणजे सोयापेंडीची जागा एकटं कोणीच घेऊ शकत नाही, तिघींनी मिळून घ्यायची. आपल्या ताटात डाळ-भात एकमेकांची उणीव भरून काढतात, तसंच हे.

मग 100 किलोचं आमचं मिश्रण असं ठरलं : मक्याचा भरडा 50 किलो, तांदळाचा बारीक कोंडा 12, शेंगदाणा पेंड 14, सूर्यफूल पेंड 8, सुक्या मासळीचा चुरा 8, शिंपल्यांचा चुरा 7 आणि क्षारमिश्रण 1 किलो. वरून पाव किलो मीठ. मासळी खारवलेली असेल तर हे मीठ अजिबात घालायचं नाही, आणि फार खारट मासळी तर घ्यायचीच नाही. जास्त मिठाने कोंबड्या दगावतात.

काही गोष्टी आम्ही ठेचा खाऊन शिकलो, तुम्ही वाचून शिका. शेंगदाणा पेंड ओलसर, काळपट किंवा कुबट वासाची असेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि उन्हात वाळवूनही पुरतं जात नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य मिसळा, पोती फळीवर ठेवा. सरकीची पेंड टाळा, तिच्यामुळे बलक हिरवट पडतो. मासळी हाताळायची नसेल तर दुकानातून लायसिन आणि मिथिओनिन आणून घालता येतं, प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि हे मिश्रण अंड्यावरच्या कोंबड्यांचं आहे. पिल्लांना देऊ नका, एवढा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

अझोलाचं आम्हाला फार कौतुक होतं. हौदात फुकट वाढतो ना! पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. बादलीभर घातला तरी प्रथिनं ओंजळभर. तोंडी लावायला उत्तम, जेवण म्हणून नव्हे.

नवं खाद्य आठवडाभर थोडंथोडं मिसळत बदललं. महिन्याभरात अंडी हळूहळू वाढली, दोन महिन्यांनी पुन्हा चाळिशी गाठली. मधल्या काळात कर्जाचे दोन हप्ते चुकले ते चुकलेच. नऊ जणींनी त्याबद्दल मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण वहीतली ती दोन रिकामी घरं मला अजून टोचतात.

पुढे सोयापेंड उतरली. आम्ही पुन्हा आणतो, पण दर बघून, थोडीच. बाकीचं मिश्रण अंगवळणी पडलंय. आता खर्चाला कात्री लावायची वेळ आली, की मी वही उघडण्याआधी काकींना विचारते. "काकी, यातलं काय कमी केलं तर चालेल?"

त्या म्हणतात, "आधी कोंबड्यांना विचार."