मॅकेन्झी मिल्टनचा उजवा पाय

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये पुनरागमनाच्या गोष्टींना तोटा नाही. मॅकेन्झी मिल्टनची गोष्ट सांगणारे बहुतेक जण एका ठरावीक रात्रीपाशी थांबतात. मला त्यानंतरचे सहा दिवस जास्त मोलाचे वाटतात.

मिल्टन मूळचा हवाईचा. २०१६ मध्ये तो ओरलँडोला, सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात आला. आदल्या हंगामात हा संघ बाराच्या बारा सामने हरला होता. २०१७ मध्ये मिल्टन क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) असताना हाच संघ तेराच्या तेरा सामने जिंकला. शेवटचा ऑबर्नविरुद्ध, ३४-२७. राष्ट्रीय विजेतेपदासाठी तेव्हा निवडल्या जाणाऱ्या चार संघांत त्यांना घेतलंच नव्हतं, तर विद्यापीठानं स्वतःलाच विजेता जाहीर करून टाकलं. (मिजास म्हणा, नाहीतर रास्त राग!)

२३ नोव्हेंबर २०१८ ला टॅम्पात, साउथ फ्लोरिडाविरुद्ध चेंडू घेऊन धावताना टॅकल थेट उजव्या गुडघ्यावर बसला. गुडघा निखळला. खेळाडूच्या गुडघ्याला लागलं की आपल्या डोक्यात आधी लिगामेंट येतं. इथे खरी भीती गुडघ्यामागच्या धमनीची होती: तिला इजा झाली होती, आणि पायाचा रक्तपुरवठा काही तास बंद राहिला तर पाय कापावा लागतो. तातडीच्या शस्त्रक्रियेनं तो वाचला. गुडघ्याची पुनर्बांधणी पुढे मेयो क्लिनिकमध्ये झाली.

उरली नस, म्हणजे पायाचा मज्जातंतू; तीही दुखावली होती. तुटलेली नस वाढते ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, तीही वाढलीच तर. तोवर पाऊल वर उचलता येत नाही, चालताना लोंबतं. आणि उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या फेकीतला जोर येतो तो मागे रोवलेल्या याच उजव्या पायातून.

२०१९ मध्ये त्याच्या जागी आला तो डिलन गॅब्रिएल, हवाईतल्या मिल्टनच्याच मिलिलानी शाळेचा. मिल्टन त्याला हातचं न राखता शिकवत राहिला. स्वतः खेळण्याजोगा झाला तेव्हा ती जागा गॅब्रिएलची झाली होती. मिल्टन फ्लोरिडा स्टेटला गेला.

५ सप्टेंबर २०२१, टॅलाहासी. चौथ्या क्वार्टरमध्ये फ्लोरिडा स्टेट नोत्र दामपेक्षा दहा गुणांनी मागे. संघाचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचं हेल्मेट निघालं; नियमाप्रमाणे त्याला बाहेर जावं लागलं आणि मिल्टन आत आला. पहिलाच पास २२ यार्डांचा, अचूक. मग टचडाउन, मग फील्ड गोल, बरोबरी ३८-३८. जादा वेळेत संघ ४१-३८ असा हरला, पण त्या रात्री हरल्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. इथेच ती गोष्ट संपवतात.

सहा दिवसांनी तो सुरुवातीपासून खेळला, तेव्हा खालच्या श्रेणीत असलेल्या जॅक्सनव्हिल स्टेटविरुद्ध. शेवटच्या चेंडूवर ५९ यार्डांचा टचडाउन स्वीकारून संघ २०-१७ हरला. या पराभवाला सहानुभूती नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. पाय वाचलेला मुलगा म्हणून जे कौतुक होतं ते सरलं. आता चुका मोजल्या जात होत्या, इतर कुठल्याही क्वार्टरबॅकच्या मोजतात तशाच. माझ्या लेखी तो खरा परतला तो इथे.

हंगाम पुढे सरकला तशी जागा पुन्हा ट्रॅव्हिसकडे गेली. २०२२ च्या एनएफएल निवडीत मिल्टनला कुणी घेतलं नाही. तो टेनेसी विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक जॉश हायपलच्या प्रशिक्षकवर्गात लागला. २०२५ मध्ये सेंट्रल फ्लोरिडानं त्याला परत बोलावलं, क्वार्टरबॅक तयार करायला.