‘भरचौकात फाशी द्या’ म्हणण्याआधी नाशिकचा हा खटला वाचा. आरोपीला हक्क कशासाठी असतात?

तालुका प्रतिनिधी :

कुठं लेकराबाळावर अत्याचार झाला, कुणाचा निर्घृण खून झाला की दुसऱ्या दिवशी गाव बंद, तहसीलवर मोर्चा आणि मोबाईलवर एकच मागणी फिरते. ‘आरोपीला भरचौकात फाशी द्या, नाहीतर आमच्या ताब्यात द्या.’ हा राग खोटा नाही. ज्याच्या घरात हे घडतं, त्याला कायदा शिकवायला कुणी जाऊही नये.

पण बाकीच्यांनी एका प्रश्नाचा विचार करायला हवा. ज्यानं दुसऱ्याच्या जिवाची पर्वा केली नाही, त्याला सरकारी खर्चानं वकील, अपील, दयेचा अर्ज हे सगळं कशाला? राज्यघटना गुन्हेगाराच्या बाजूनं आहे का? याचं उत्तर आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात आहे.

नाशिकला काय झालं?

जून २००३ मध्ये नाशिकजवळ बागेत झोपडी करून राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बाईमाणसांवर अत्याचार झाले. दोघं कसेबसे वाचले. पुढं पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना अटक केली.

२००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे तीन कोर्टांनी त्यांना दोषी धरलं होतं.

तरी फेरविचाराचा अर्ज शिल्लक होता. त्यावर पुन्हा सुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर वाचलेल्या महिलेनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. ही गोष्ट कोर्टापुढं नीट येऊच दिली नाही. त्या चौघांचा तपासही झाला नाही. सहा निरपराध माणसांची १६ वर्षं तुरुंगात गेली. कोर्टानं प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला आणि चुकार पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

आता बघा, २००३ सालीच या सहा जणांना भरचौकात लटकवलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. खरे खुनी मोकळेच राहिले असते आणि ते कुणाला कधी कळलंही नसतं. आणि ज्यांची पाच माणसं गेली, त्या घराला तरी काय मिळालं? १६ वर्षांनी त्यांच्या हातात एकही सिद्ध झालेला गुन्हेगार नव्हता. चुकीचा माणूस पकडला की अन्याय दोन घरांवर होतो.

घटना नेमकं काय सांगते?

कलम २० म्हणतं, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची जबरदस्ती नाही. कलम २१ म्हणतं, कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येणार नाही. कलम २२ नुसार अटकेचं कारण सांगावं लागतं, वकील गाठू द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं.

ही कलमं ‘पकडलेल्या माणसा’साठी आहेत. तो गुन्हेगार आहे की नाही, ते अजून ठरायचं असतं. उद्या बांधाच्या भांडणात भावकीनं खोटं नाव घातलं आणि तुमचा पोरगा लॉकअपमध्ये बसला, तर तुम्हीही हेच हक्क मागाल. म्हणूनच ‘आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही’ असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये बेकायदा ठरवले.

मग कडक शिक्षा द्यायचीच नाही का?

तसं नाही. फाशी घटनेविरुद्ध नाही, पण ती दुर्मिळातल्या दुर्मिळ गुन्ह्यातच द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये ठरवलं. मुंबई हल्ल्यातल्या कसाबलाही वकील दिला, अपील ऐकलं आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. दिल्लीच्या निर्भया खटल्यात २० मार्च २०२० रोजी चौघांना फाशी झाली. दोन्हीकडं गुन्हा कोर्टात सिद्ध झाला.

एन्काउंटरमध्ये हे होत नाही. हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये अत्याचार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढं सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं की, पोलिसांची गोष्ट विश्वास ठेवण्यासारखी नाही, जीव घेण्याच्या हेतूनंच गोळीबार झाला. ते चौघंच खरे गुन्हेगार होते का, हे आता कोणतंच कोर्ट सिद्ध करू शकत नाही.

लोकांचा खरा राग उशिरावर आहे

आणि तो रास्त आहे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला २०१४ उजाडलं. सरकारनं केलेल्या या दिरंगाईमुळं उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये फाशी रद्द करून जन्मठेप दिली. अर्ज करण्याचा हक्क घटनेनं दिला, पण फाईल वर्षानुवर्षं दाबून ठेवा असं घटनेनं कुणाला सांगितलेलं नाही.

शिक्षा नुसती कडक करून भागत नाही, याचं आणखी एक कारण आहे. सरकारी आकडेवारीनुसार बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी. तिथं थेट फाशी होणार म्हटलं की घरचेच तक्रार दाबतात. आणि बलात्काराला व खुनाला सारखीच शिक्षा असली, तर पुरावा नको म्हणून पीडितेला जिवंत न सोडण्याची भीती वाढते.

गावानं काय करावं, काय मागावं?

– घटनास्थळी गर्दी करू नका. कपडे, अंथरूण, मोबाईल तसेच ठेवा. काहीही धुऊ नका. खटला पुराव्यावरच टिकतो.

– हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर मागा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तक्रारीची प्रत फुकट मिळते.

– गंभीर गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. तारीख लिहून ठेवा, पाठपुरावा करा. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

– पीडितेचं नाव, फोटो ग्रुपवर टाकू नका. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

– महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जा किंवा १५१०० वर फोन करा. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना आहे, तिचीही चौकशी तिथंच करा.

मोर्चा काढायचा तर जरूर काढा. पण निवेदनात ‘ताब्यात द्या’ लिहिण्याऐवजी तपास कुणाकडं आहे, दोषारोपपत्र कधी जाणार आणि सरकारी वकील कोण, हे तीन प्रश्न लिहा आणि उत्तर लेखी मागा.