भिंत छाबणारे हात

वर्धा जिल्ह्यातली काळी माती कापसाला चांगली, भिंतीला वाईट. पाणी मिळालं की फुगते, ऊन लागलं की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या भिंतीलाही पडतील. म्हणून घर बांधणारा आधी पांढरी माती शोधतो. ती पुरेशी मिळाली नाही तर काळीत मुरूम घालतो आणि कुटार, म्हणजे भुसा, सढळ हातानं मिसळतो. सेलू तालुक्यातल्या एका गावात, पावसाळा सरून दिवाळी जवळ आली असताना, जुन्या घराच्या भिंती छाबायचं, म्हणजे त्यांना मातीचा गिलावा द्यायचं, काम मी जवळ बसून पाहिलं. तोपर्यंत मला मातीकाम म्हणजे अडाणी सोय वाटत नव्हती, पण त्यात इतका विचार असेल हेही ठाऊक नव्हतं.

अंगणात मातीचं आळं करून त्यात आदल्या संध्याकाळीच पाणी सोडलेलं होतं. रात्रभरात ढेकळं विरघळली होती. सकाळी दोघी सासू-सुनांनी त्यात गव्हाचं कुटार पसरलं, वरून शेण टाकलं आणि लुगडी खोचून त्या तुडवायला उतरल्या. हे तुडवणं लवकर संपत नाही. टाचेखाली कोरडा गोळा लागला की पाय तिथंच थांबतो, तो फुटेपर्यंत दाबत राहतो. कुटाराची प्रत्येक काडी मातीनं माखली पाहिजे, कारण भिंत वाळताना जिथं तडा जाऊ पाहतो तिथं ही काडी दोन्ही कडा धरून ठेवते. शेणातल्या बारीक तंतूंचं कामही तेच, शिवाय त्यानं पृष्ठभाग बसतो आणि माती झडत नाही. मी विचारलं, किती माती, किती कुटार? सासूबाई म्हणाल्या, “मोजून नाही होत भाऊ. हाताले समजते.” त्यांनी एक गोळा घेतला, मुठीत दाबला, बोटांच्या फटींतून तो कसा बाहेर येतो ते पाहिलं आणि सुनेला आणखी एक टोपलं कुटार आणायला सांगितलं.

भिंतीची तयारी तर मला गाऱ्याहूनही महत्त्वाची वाटली. सुटलेला जुना थर विळ्यानं खरवडून काढला. मग भिंतीवर पाणी शिंपडलं, थांबून पुन्हा शिंपडलं. “तहानेली भिंत नवा गारा धरत नाही,” सासूबाई म्हणाल्या. खरंच आहे. कोरडी भिंत नव्या थरातलं पाणी झटकन ओढून घेते आणि तो थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्यानंतर गोळा भिंतीवर लिंपत नाहीत, जोरात मारतात. त्या माऱ्यानं आतली हवा निघते, माती खाचांत शिरते. मग तळहाताच्या टाचेनं तो वरच्या दिशेनं ओढतात. दोन गोळ्यांचा सांधा दिसेनासा होईपर्यंत ओला हात फिरत राहतो. जमिनीलगतचा पट्टा मुद्दाम जाड ठेवतात, कारण मातीच्या भिंतीला वरून पडणाऱ्या पावसापेक्षा खालून उडणारं पाणी जास्त खातं. वळचणीचं पाणी अंगणात आपटतं आणि त्याचे शिंतोडे भिंतीचा पाया कुरतडतात. म्हणून जोतं काळ्या दगडाचं, वळचण लांब, आणि दरवर्षी पावसाआधी छपराचे कवेलू फेरून घेतलेले. तिन्ही गोष्टी सांभाळल्या तर माती टिकते, एक चुकली तर नाही.

दुसऱ्या दिवशी चाळलेल्या मातीचा पातळ हात दिला जातो आणि तो वाळला की पांढऱ्या मातीचा पोतारा. एवढ्या कामात बाजारातून आणलेली एकही वस्तू मला दिसली नाही.

अशीच भिंत वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला देशाच्या इतिहासात गेली. 1930 साली दांडीला निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, असं गांधीजी ठरवून निघाले होते. जमनालाल बजाजांच्या आग्रहानं ते वर्ध्याला आले आणि 30 एप्रिल 1936 रोजी बजाजांच्याच मालगुजारीतल्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. शेगाव नावाच्या दुसऱ्या गावामुळे टपालाचा घोळ होई म्हणून 1940 मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. घर बांधताना त्यांची अट होती की साहित्य आसपासचं हवं, हात गावकऱ्यांचे हवेत आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत हवा. माती, बांबू, लाकूड, कवेलू. आज जिला आपण बापू कुटी म्हणतो ती मुळात गांधीजींची शिष्या मीराबेन हिची. भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा तिनंच मातीत उठवले. छाबताना बोटांखाली ओली माती किती वेळ वळते हे पाहिल्यावर त्या ताडाच्या झावळ्यांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. माती सुकायच्या आत ते सगळं करावं लागलं असणार.

या मातीच्या घरात राहणाऱ्या माणसाशी बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आश्रमात टेलिफोन बसवून घेतला. तो आजही तिथं जपलेला आहे. ‘छोडो भारत’चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीनं 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यातच केला आणि पुढच्या महिन्यात, 16 ऑगस्टला, याच जिल्ह्यातल्या आष्टीत लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, रक्त सांडलं. त्या काळात साम्राज्याला विरोध म्हणजे मोर्चा आणि तुरुंग एवढंच नव्हतं. घर कशाचं बांधायचं हाही त्याचाच भाग होता. सिमेंट, लोखंड, पत्रा यांसाठी ज्याला कुणाकडे हात पसरावा लागत नाही त्याला दडपणं अवघड जातं.

साम्राज्याला विरोध आणि भिंत एकत्र आली की मला त्या काळाच्याही चारशे वर्षं मागचा पेरू आठवतो. 1536 च्या मे महिन्यात इंका राजा मांको यानं स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्को शहराला वेढा घातला. शहराच्या माथ्यावर साक्सायवामानच्या भिंती होत्या. त्यातले काही दगड शंभर टनांहून जड, कठीण गोट्यांनी ठोकून ठोकून एकमेकांत असे बसवलेले की चुना नाही, माती नाही, सांधा जेमतेम दिसतो. वेढा फसला. स्पॅनिशांनी पुढं त्या भिंतींचे आवाक्यातले दगड काढून आपली घरं आणि चर्च बांधली. इंकांनी विल्काबाम्बाच्या जंगलातून 1572 पर्यंत झुंज दिली. 1950 च्या भूकंपात कुस्कोचा सांतो दोमिंगो मठ खचला, पण त्याच्या पोटातल्या इंका भिंती उभ्या राहिल्या.

तरीही सेवाग्रामची खरी जोड मला त्या दगडांशी वाटत नाही, त्याच मुलखातल्या गवताच्या एका पुलाशी वाटते. आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा जवळपास 30 मीटरचा झुलता पूल आजूबाजूच्या गावांतले लोक दर जूनमध्ये नव्यानं विणतात. घरोघरी वळलेले दोर जमा होतात, जुना पूल नदीत सोडला जातो. 2013 मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दगड विजेत्यांना काढून नेता आले. दोर वळायची रीत मात्र लोकांच्या हातात राहिली.

मातीच्या भिंतीचंही तसंच आहे, आणि म्हणून मला काळजी वाटते. मातीचं घर सरकारी मोजणीत कच्चं धरलं जातं. घरकुल मिळालं की लोक भिंत पाडून विटा-सिमेंट लावतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. दरवर्षीचं छाबणं-सारवणं बायकांच्याच कंबरेवर पडतं. उधई लागते, साप-विंचू शिरतात. सुनेनं मला सरळ सांगितलं, “आमाले पक्कं घर पाह्यजे.” पण वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा पत्र्याखाली दुपार काढणं किती कठीण, हेही त्याच घराला ठाऊक आहे. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता आत यायला रात्र लावते. मातीला सुधारायचं काम वर्ध्यातच झालेलं आहे. देवेंद्रकुमारांनी 1976 मध्ये उभं केलेलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र कमी श्रमात टिकणारी घरं कशी बांधावी हेच शोधत आलं आहे. घरकुलाच्या योजनेत अशा घरांना विटा-सिमेंटइतकाच मान आणि पैसा मिळायला हवा. छाबणाऱ्या बाईला गवंड्याएवढी मजुरी मिळायला हवी. तिच्या हाताला जे समजतं ते कौशल्यच आहे, घरकाम नव्हे.

तुमच्या गावाकडच्या घरात मातीची एखादी भिंत उभी असेल, आणि ती कुणी छाबली हे सांगणारी आजी, काकू, मावशी हयात असेल, तर यंदा दिवाळीआधी सुट्टी काढून जा आणि तिच्याबरोबर एक भिंत छाबा.