आधी मीटर, मग बॅटरी

सकाळी ९.३०
गाड्यांच्या बॅटरीच्या दुकानाचं शटर वर करताना आधी रस्त्याकडे बघतो. मुंबईतला हा हिंदमाता भाग सखल, आजूबाजूचं पाणी इथेच उतरतं. प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली महापालिकेने पावसाचं पाणी साठवायला टाक्या बांधल्या, तरी जोराची सर आली की बंद गाड्यांचे फोन येतात. खोल पाण्यातून आलेल्या गाडीला सेल्फ मारू नका, असं मी फोनवरच सांगतो. इंजिनात पाणी गेलं असेल तर आतला रॉड वाकतो, आणि तो खर्च बॅटरीच्या कितीतरी पट असतो.

१०.३०
लालबागचे एक काका आले. "गणपतीला गावी जायचंय. हिच्यापेक्षा मोठी बॅटरी दे." मीटर लावला तर ११.९ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते. गाडी महिनाभर जागची हललेली नव्हती. "काका, आज चार्जिंगला लावतो. संध्याकाळी ठरवू."

१.००
टॅक्सीवाले दादा दुसऱ्यांदा जंपर लावून आलेले. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. यांच्या गाडीत १२.२ च होते, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत नाही. नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरली असती. त्यांना ऑटो इलेक्ट्रिशियनकडे धाडलं.

३.३०
एका ताईंची बॅटरी मात्र खरंच संपली होती. चार्ज करूनही लोड टेस्टरवर ८ व्होल्टपर्यंत कोसळत होती. त्यांना स्वस्तातली हवी होती. पण त्यांची गाडी सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी. तिला ईएफबी किंवा एजीएम या खास प्रकारची बॅटरी असते; मूळची ईएफबी असेल तर ईएफबी, एजीएम असेल तर एजीएमच लागते. साधी बॅटरी अशा गाडीत लवकर मरते.

साध्या छोट्या पेट्रोल गाडीला बहुधा ३५ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी पुरते. '३८बी२०एल'सारख्या नंबरातला २० म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर लांबी. शेवटचं अक्षर धन टोक कुठल्या बाजूला ते सांगतं. ते चुकलं तर केबल पोचत नाही. उत्पादनाची तारीख ताजी बघावी. वॉरंटीत पूर्ण बदलून मिळण्याचे महिने किती आणि नुसत्या सवलतीचे किती, हे वेगळं विचारावं.

बसवताना ऋण केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची. म्हणजे धन टोकावरचा पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

६.३०
काकांची बॅटरी १२.७ वर. लोडखाली १०.२ ला ठाम उभी राहिली. "हीच चालेल काका. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी फिरवा."

८.३०
आज निघालेल्या जुन्या बॅटऱ्या मोजून ठेवल्या. आत शिसं आणि आम्ल, त्यामुळे २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हव्यात. जुनी परत दिली की बिलातून तिची रक्कम वजा होते, म्हणून ती भंगारवाल्याला विकू नका. आणि गावी निघायच्या आदल्या रात्री धावत येण्यापेक्षा पंधरा दिवस आधी या. मीटर लावायचे मी पैसे घेत नाही.