तग धरणारी मुलं (७) : कडेवरचं भावंड

आश्रमशाळांचा विषय आज घ्यायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कारण उधव्याच्या बाजूच्या एका शिक्षिकेचं पत्र. तिसरीतली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. तिला वर्गात बसू द्यावं की घरी पाठवावं, असं त्या विचारतात. डहाणूच्या बाजूच्या या आदिवासी पट्ट्यात हे चित्र नवं नाही. आईबाप उमरगाव-वापीच्या कारखान्यांत, नाहीतर दिवाळीनंतर वीटभट्टीवर. बाप खलाशी असला तर मासेमारीचा सगळा हंगाम गुजरातच्या बोटीवर. उरते आजी, आणि आजीही मजुरीला गेली तर ही मुलगी. मूल संकटात तगतं ते घरातल्या एका खात्रीच्या माणसाच्या आधारावर, असं आपण मागे पाहिलं. पण ते खात्रीचं माणूसच आठ वर्षांचं असेल, तर त्याचं काय?

हवाई बेटांपैकी काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, दारू अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं नीट मार्गी लागली. अशा मुलांना लहानपणी आजी, मावशी, थोरली बहीण असं कुणीतरी हक्काचं मिळालं होतं, हे सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते असं की त्यांतल्या अनेकांवर घरचं कामही होतं, धाकट्यांना सांभाळण्याचंसुद्धा. आपल्यावाचून घराचं अडतं, ही जाणीव मुलाला उभं करते. मात्र त्याच अभ्यासात दुसरीही नोंद आहे: तगलेल्या मुलांच्या घरी बहुधा चारपेक्षा जास्त भावंडं नव्हती आणि पाठचं भावंड दोन वर्षं तरी उशिरा आलं होतं. म्हणजे सांभाळणाऱ्यालाही आधी कुणीतरी पुरेसं सांभाळलेलं होतं.

‘आदिवासी मुलं मुळातच काटक असतात, त्यांची कसली काळजी?’ असं म्हणणाऱ्यांनी उरलेल्या दोन तृतीयांशांकडे बघावं. नुसत्या हालांनी मूल घडत असतं, तर ती सगळीच घडली असती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे बालमजुरीला दिलेलं गोंडस नाव नव्हे काय? काही घरांत आहेच. शेळ्या राखणारा मुलगा त्या बांधावर सोडून घटकाभर विटीदांडू खेळतो; कडेवरचं पोर कुठे सोडणार? आणि ते बहुतेक वेळा मुलीच्याच कडेवर असतं. तरीही माझं मत असं की घातक आहे तो कामाला नसलेला शेवट. संध्याकाळी आईनं पोर उचलून घेतलं, मुलीच्या हातावर भाकरी ठेवून ‘आज रडला का गं?’ एवढं विचारलं, तर ती मुलगी घरातली जबाबदार माणूस ठरते. आई महिनोन् महिने भट्टीवर असेल, तर हे विचारणारंच कुणी नसतं. तिथे जबाबदारीचं ओझं होतं, आणि त्याचा पहिला घास शाळा असते.

मुलीला परत पाठवण्यानं यातलं काहीच सुटत नाही. या पेचावर डहाणू तालुक्यातच तोड निघाली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. थोरलीनं धाकट्याला घेऊन यावं, त्याला पाळणाघरात सोडावं, शेजारी स्वतः शिकावं. गुरं राखणाऱ्यांसाठी तर कुरणशाळा काढून शिक्षकच कुरणात गेले. घराची रीत मोडायची नाही, तिच्यातला जाच तेवढा काढायचा, अशी ती दृष्टी होती. आज अंगणवाडीत शिकायला बसतं ते तीन वर्षांपुढचं मूल. त्याआधीच्या मुलाला पोषण आहार मिळतो, लसीची नोंद होते. दिवसभर त्याला ठेवायला जागा नाही. बहिणीची शाळा सुटते ती नेमकी याच वयाच्या भावंडापायी. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. तेव्हा बाई, भावालाही वर्गात बसू द्या. आणि येत्या ग्रामसभेत पाळणाघराची मागणी ठरावात लिहून घ्या, त्या मुलीच्या आजीला सोबत घेऊन.