गटाचा संगणक जोडून घेताना

तायांनो, संगणकाचा डबा, म्हणजे कॅबिनेट, रंगीत दिवे पाहून घेऊ नका. आपल्या कनेरगाव नाक्यावर धूळही फार, ऊनही फार. म्हणून आम्ही सांगतो, पुढून जाळीचा, धुता येईल अशा फिल्टरचा डबा घ्या. हवा पुढून आत, मागून बाहेर गेली पाहिजे. मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्स असेल तर लहान डबा पुरतो.

हिशोबाला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी बास. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर वेगळं कार्ड नको. काटकसर एसएमपीएसवर मात्र करू नका. हलका असला तर बिघडताना बाकीचे भागही जाळू शकतो. वीज गेली तर लिहिलेलं जपायला यूपीएस हवाच.

बिल पक्कं, गटाच्या नावानं, प्रत्येक भाग वेगळा लिहिलेलं घ्या. वॉरंटीला तेच लागतं. पैसा सगळ्यांचा आहे, तेव्हा ते बैठकीत वाचून दाखवा.