तोषणे आणि तोषवणे

मायबाप हो, पसायदान आपण रोज म्हणतो. त्यात माउली विश्वात्मक देवाला 'तोषावे' म्हणतात. या क्रियापदाजवळ थोडे थांबू या.

मूळ संस्कृत धातू 'तुष्'. त्याचीच लेकरे संतोष, असंतोष, पारितोषिक. लवकर प्रसन्न होतो म्हणून महादेव आशुतोष. नामे घरोघर राहिली, पण 'तोषणे' हे क्रियापद मात्र पोथीत बसले. त्याला घरात आणा.

नातवाने पाय चेपले, आजी तोषली. दारी आलेला वारकरी भाकरी-पिठल्याने तोषला. रुसलेल्या भावाला बहिणीने दोन गोड शब्दांनी तोषवले. बघा, किती सोपे आहे! पण साहेबाच्या हातात पाकीट सरकवले, तर तिथे 'तोषवले' म्हणू नका. तिथे 'खूश केले' म्हणा. अहो, पाकिटाने तोंड बंद होते, मन निवत नाही.

आता व्याकरण बघा. तोषणे अकर्मक, तोषवणे सकर्मक. तोषवणारा दुसऱ्यासाठी खटपट करतो; तोषणारा आपला आपण, आतून तोषतो. मग देवाचे काय? आपण नवस बोलतो, "पोराला नोकरी लागू दे, पाच नारळ फोडीन." हा झाला सौदा. देव काय दिवाळसणाला रुसून बसलेला जावई आहे, की अंगठी दिली म्हणजे हसेल?

पुंडलिकाची कथा आठवा. तो आईवडिलांचे पाय चेपत होता. देवाला तोषवायला तो निघालाच नव्हता. ती सेवा पाहून देव आपणहून तोषला, दारी आला, विटेवर उभा राहिला. आणि आपण काय करतो? घरी म्हातारा बाप खोकत पडलेला, अन् आपण दर्शनबारीत देवाला तोषवायला उभे!

वारीला जरूर या. पण निघताना आईला विचारा, "आई, तू तोषलीस का गं?" ती हो म्हणाली, तर अर्धी वारी उंबऱ्यातच झाली.

माउलींनी तरी अठरा अध्याय सांगून शेवटी काय मागितले? स्वतःसाठी काहीच नाही. दुष्टांचे दुष्टपण जावे, जिवाजिवांत मैत्र जडावे, एवढेच. देव तोषल्यावर काय मागायचे, तेही त्यांनीच शिकवले.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!